स्पर्धेसाठी एकच बोट रॉड घ्यायचा असेल तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बोटीवरून मासे पकडायच्या एकाच रॉडवर सगळ्या सागरी मासेमारी स्पर्धा खेळता येतात का?

सगळ्या नाही, पण बऱ्याचशा येतात. नांगरलेल्या किंवा प्रवाहाबरोबर वाहत्या बोटीतून तळाच्या माशांसाठी होणाऱ्या स्पर्धा हा या खेळाचा मोठा भाग आहे. त्यासाठी नीट निवडलेला एक रॉड वर्षानुवर्षं साथ देतो. मार्लिन, टूना यांच्या ट्रोलिंग स्पर्धांचं, म्हणजे चालत्या बोटीमागे आमिष ओढत नेण्याच्या स्पर्धांचं, गणित वेगळं. तिथे ५० किंवा ८० पाउंड गटाचं जड सामान लागतं, आणि ते काम अष्टपैलू रॉडकडून होणार नाही. खालची उत्तरं पहिल्या प्रकाराच्या स्पर्धा डोळ्यांपुढे ठेवून दिली आहेत.

घाईत असाल तर थोडक्यात सांगतो: ७ ते ८ फूट लांब, १२-२० पाउंड गटातला, टिपेला हळवा आणि खालच्या अर्ध्या भागात दणकट असा रॉड घ्या. टिपा बदलता येणारा मिळाला तर फारच छान.

घरचा नेहमीचा बोट रॉड स्पर्धेत चालत नाही का?

चालतो, पण गुण हातचे जातात. हौसेने जाणारा माणूस दिवसभरात एक दांडगा मासा लागला तरी खूश असतो, म्हणून दुकानातले बरेच बोट रॉड त्या एका माशाच्या हिशोबाने ताठ बनवलेले असतात. स्पर्धेत गुण मोजण्याच्या पद्धती निराळ्या असतात. कुठे प्रत्येक माशाला गुण, कुठे माशाच्या लांबीप्रमाणे, तर कुठे किती वेगवेगळ्या जाती पकडल्या यावर. या तिन्ही पद्धतींत लहान आणि मध्यम मासे सातत्याने पकडणारा पुढे राहतो. तळहाताएवढा मासा आमिष चाखून गेला आणि ताठ टिपेवर तुम्हाला ते कळलंच नाही, तर तुमचा गळ रिकामा लटकत राहतो आणि शेजारचा गुण घेत असतो.

म्हणून माझं ठाम मत आहे की रॉड माशाच्या वजनावरून निवडू नये, आमिष तळाशी धरून ठेवणाऱ्या शिशाच्या वजनावरून निवडावा. स्पर्धेच्या दिवशी रॉडला सर्वाधिक वेळ पेलावं लागतं ते शिसंच. मासा अधूनमधून येतो, शिसं दिवसभर असतं.

रॉडवर १२-२० पाउंड लिहिलेलं असतं. म्हणजे तो तेवढ्याच वजनाचा मासा उचलतो का?

नाही. तो आकडा लाइनच्या ताकदीचा आहे. १२ ते २० पाउंडाला तुटणारी लाइन वापरली तर रॉड पुरेसा वाकतो आणि लाइनला धक्के बसू देत नाही, एवढाच त्याचा अर्थ. आंतरराष्ट्रीय विक्रमांसाठी वापरल्या जाणाऱ्या लाइनच्या गटांत १२ पाउंड म्हणजे ६ किलो, २० म्हणजे १० किलो आणि ३० म्हणजे १५ किलो असे गट आहेत.

रीलचा ड्रॅग, म्हणजे ठरावीक ओढीला लाइन सुटू देणारा ब्रेक, साधारणपणे लाइनच्या ताकदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याला लावतात. १० किलोच्या लाइनला अडीच ते तीन किलो. म्हणजे मासा कितीही मोठा असला तरी सुटणाऱ्या लाइनमधून रॉडवर येणारी ओढ तीन किलोंच्या आसपासच राहते. वीस-पंचवीस किलोंचा मासाही या सामानावर येतो. फक्त वेळ आणि संयम लागतो.

काही रॉडवर पाउंडांऐवजी 'पीई' असा आकडा असतो. तो ब्रेडेड, म्हणजे बारीक धागे विणून केलेल्या, लाइनच्या जाडीचा आहे. पीई १ म्हणजे सुमारे ०.१६५ मिमी, पीई २ म्हणजे सुमारे ०.२३५ मिमी. एकाच जाडीच्या दोन कंपन्यांच्या लाइनची ताकद वेगळी असू शकते, त्यामुळे पीई आणि पाउंड यांची आपसात थेट बेरीज-वजाबाकी करू नका.

मग शिशाचा हिशोब कसा करायचा?

तुम्ही जिथे स्पर्धा खेळता तिथल्या पाण्याला किती ओढ आहे, खोली किती आहे आणि तळाशी टिकायला किती शिसं लागतं, ते आधी स्वतःशी नक्की करा. भरती-ओहोटीच्या मधल्या ऐन जोरात जे वजन लागतं ते, आणि पाणी थांबलेलं असताना पुरतं ते, असे दोन आकडे हाताशी हवेत. समजा हलक्या वेळी ४ औंस (सुमारे ११५ ग्रॅम) आणि जोराच्या वेळी ८ औंस (सुमारे २२५ ग्रॅम) लागतं. तर ४ औंसांना टिप जराशी झुकली पाहिजे आणि ८ औंसांनाही तिच्यात आणखी वाकायला जागा उरली पाहिजे.

हे का, ते बोटीवर टिपेकडे बघत बसलात की लक्षात येतं. बोट लाटेवर चढते तशी टिप सावकाश खाली जाते, बोट उतरते तशी सरळ होते. ही लय संथ आणि एकसारखी असते. मासा आमिषाला तोंड लावतो तेव्हा या लयीच्या मध्येच दोन-तीन बारीक झटके दिसतात. कधीकधी तर टिप खाली जायला हवी त्या क्षणी जातच नाही, कारण माशाने शिसं उचलून घेतलेलं असतं. टिप शिशानेच पूर्ण वाकून गेली असेल तर हे झटके दाखवायला ती मोकळीच नसते. आणि टिप इतकी ताठ असेल की ४ औंसांना हलतच नाही, तर बोट हलल्यावर शिसं तळावरून उचललं जातं आणि आमिष उड्या मारत राहतं. बुजरे मासे अशा आमिषाच्या वाटेला जात नाहीत.

टिपा बदलता येणारे रॉड खरंच कामाचे आहेत की नुसती चैन?

स्पर्धकासाठी कामाचे. एकच मूठ, एकच खालचा भाग आणि वर बसवायला वेगवेगळ्या ताठपणाच्या दोन किंवा तीन टिपा, अशी ही रचना असते. सकाळी पाणी संथ असताना सगळ्यात हळवी टिप लावायची. ओढ वाढली की लाइन कापून दुसरी टिप चढवायची, कड्यांतून लाइन पुन्हा ओवायची आणि नवी गाठ मारायची. ही अदलाबदल आमिष बदलायच्या वेळीच उरकली तर फारसा वेळ जात नाही.

दोन गोष्टी मात्र बघून घ्या. टिप जिथे बसते तो सांधा घट्ट आणि खोल हवा. आणि टिपेची जाडी जिथे खालच्या भागाला मिळते तिथे वाक तुटक दिसता कामा नये. स्वस्त रॉडमध्ये वरची टिप लोण्यासारखी मऊ आणि खालचा भाग एकदम खांब, असा प्रकार दिसतो. तसा रॉड चावा दाखवतो, पण मासा ओढताना सगळा ताण सांध्यावर येतो.

लांबी ७ फूट की ९ फूट?

या प्रश्नाचं उत्तर तुम्ही बोटीवर कुठे उभे राहता यावर बरंच अवलंबून आहे, आणि स्पर्धेत जागा बहुधा चिठ्ठी टाकून ठरते. मागच्या बाजूला जागा मिळाली तर लाइन सरळ प्रवाहाबरोबर मागे जाते, तिथे ७ फूटही भरपूर. पुढे नाळेजवळ जागा आली तर लाइन बोटीच्या कडेने, शेजाऱ्यांच्या लाइनजवळून जाते. तिथे ८ फुटांचा रॉड लाइन कठड्यापासून लांब ठेवतो. वाहत्या बोटीत एका बाजूच्या लोकांच्या लाइन बोटीखाली सरकतात, तेव्हाही जास्तीचा फूटभर उपयोगी पडतो.

लांबीची किंमत मात्र हातांना चुकवावी लागते. रॉड ही तरफ आहे, आणि या तरफेत फायदा माशाचा असतो. रॉडचं बूड पोटावरच्या पट्ट्यात टेकवलंय आणि पुढचा हात बुडापासून अर्ध्या मीटरवर आहे असं धरा. रॉड आडवा, लाइन सरळ खाली. टिप बुडापासून २ मीटरवर असेल आणि माशाची ओढ ३ किलो असेल, तर त्या हाताला चौपट, म्हणजे १२ किलो पेलावे लागतात. रॉड छान वाकून टिप दीड मीटरवर आली की हाच भार ९ किलोंवर येतो. म्हणून लांब पण ताठ रॉड दुपारपर्यंत खांदे मोडतो, आणि तेवढाच लांब पण मधोमध वाकणारा रॉड दिवसभर वापरता येतो. मोठ्या माशांशी उभ्याने झुंजण्यासाठीचे रॉड साडेपाच-सहा फुटांचेच का असतात, याचं कारणही हेच.

माझी निवड विचाराल तर साडेसात ते आठ फूट.

अपटाइड पद्धतीच्या स्पर्धेला हा रॉड चालेल?

ओढूनताणून. अपटाइड म्हणजे उथळ पाण्यात नांगरलेल्या बोटीवरून शिसं प्रवाहाच्या वरच्या बाजूला, बोटीपासून दूर फेकायचं. ही पद्धत १९७० च्या दशकात इंग्लंडच्या एसेक्स किनाऱ्यावर रूढ झाली. उथळ पाण्यात बोटीच्या आवाजाने मासे दूर सरतात, त्यांच्यापर्यंत आमिष पोचवणं हा तिचा हेतू. शिशाला तारेचे वाकवलेले काटे असतात, ते तळात रुततात, आणि लाइनला मुद्दाम मोठा झोल दिला जातो. मासा आमिष घेऊन हलला की शिसं सुटतं आणि टिप एकदम सैल पडून सरळ होते.

यासाठी ९ ते १० फुटांचा, ४ ते ८ औंस फेकू शकणारा रॉड लागतो. बोटीवर बाकीचे लोक अगदी जवळ असतात, म्हणून शिसं बोटीबाहेर लोंबतं ठेवून आणि शेजाऱ्याला आधी सांगूनच फेक करायची. तुमच्या भागात निम्म्याहून जास्त स्पर्धा याच पद्धतीच्या असतील तर पहिला रॉड ९ फुटांचा घ्या आणि बोटीखाली सोडायलाही तोच वापरा. उलटं करणं, म्हणजे साडेसात फुटांच्या रॉडने फेकत बसणं, जास्त अवघड जातं.

कार्बन घ्यावा की फायबरग्लास?

फायबरग्लास जड, सोशिक आणि खोलवर वाकणारा. आदळआपट सहन करतो. कार्बन हलका, चावा लगेच हातापर्यंत पोचवतो, पण चुकीच्या वापराला क्षमा करत नाही. दिवसभर रॉड हातात धरायचा असल्याने मला दोन्हींचं मिश्रण सगळ्यात पटतं: मुख्य भाग कार्बनचा आणि टिपेचा शेवटचा हातभर भाग भरीव ग्लासचा. बरेच चांगले स्पर्धा रॉड असेच बांधलेले असतात.

जाहिरातीत ३० टन, ४० टन असे आकडे दिसतात. ते कार्बन धाग्याच्या ताठपणाचे आहेत, रॉडच्या मजबुतीचे नव्हेत. आकडा वाढतो तसा रॉड कमी साहित्यात ताठ होतो, हलका होतो, आणि ठिसूळपणाही वाढतो. बोटीवर, जिथे शिसं येऊन रॉडवर आपटण्याची भीती कायम असते, तिथे मधला आकडा बरा.

लाइन तंगूसची की ब्रेडेड? त्याचा रॉडशी काय संबंध?

फार जवळचा. साध्या नायलॉनच्या तंगूसला चांगला ताण असतो. ओढलं की ते मूळ लांबीच्या जवळपास पाचव्या हिश्श्याइतकं वाढू शकतं. हा ताण धक्के सोसतो, पण पन्नास मीटर खोलीवरचा बारीक चावाही त्यातच विरून जातो. ब्रेडेड लाइन जवळजवळ ताणतच नाही. शिवाय त्याच ताकदीच्या तंगुसाच्या साधारण निम्म्या जाडीची असते, त्यामुळे पाणी तिला कमी ढकलतं आणि हलक्या शिशावर तळ धरता येतो. हलकं शिसं म्हणजे हळवी टिप, आणि हळवी टिप म्हणजे जास्त चावे दिसणार.

ब्रेडेड वापरताना मात्र ताण घेणारा एकमेव भाग म्हणजे रॉड. ताठ रॉड, न ताणणारी लाइन आणि करकचून बंद केलेला ड्रॅग एकत्र आले की माशाच्या तोंडातून गळ फाटून निघतो. मऊ ओठांच्या माशांच्या बाबतीत तर हमखास. पुढे काही मीटर जाड तंगूस जोडायचंच. ते खडकाच्या घासण्यापासूनही वाचवतं.

मल्टिप्लायर रील की स्पिनिंग रील?

सरळ खाली सोडायच्या मासेमारीला मल्टिप्लायर, म्हणजे रॉडवर आडवी फिरणारी चरखी असलेलं रील. अंगठ्याने शिसं हळूहळू सोडता येतं आणि तळ लागल्याचं बोटांना कळतं. फेकण्याचा सराव नसेल तर स्पिनिंग रील, म्हणजे फेकताना चरखी स्थिर राहणारं रील, सोपं. रॉड मात्र ज्या रीलसाठी बनलाय त्यालाच वापरा, कारण दोन्हींच्या कड्यांचे आकार आणि जागा वेगळ्या असतात.

कड्या बघताना काय बघायचं?

मल्टिप्लायरच्या रॉडवर कड्या वरच्या बाजूला असतात. रॉड भाराखाली वाकल्यावर लाइन दोन कड्यांच्या मधे रॉडच्या अंगाला घासली तर कड्या कमी आहेत किंवा चुकीच्या जागी आहेत असं समजा. ७-८ फुटांच्या रॉडला साधारण आठ-नऊ कड्या असाव्यात.

आतलं अस्तर सिरॅमिकचं असतं. अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड पुरतं, सिलिकॉन कार्बाइड अधिक कठीण आणि उष्णता लवकर सोडणारं. चाक असलेल्या रोलर कड्या जड सामानावर शोभतात. बारीक ब्रेडेड लाइन चाक आणि चौकट यांच्या फटीत अडकते, म्हणून या रॉडवर त्या नकोत. कडीला तडा आहे का ते डोळ्यांना सहसा दिसत नाही. कापसाचा बोळा आतून फिरवा. एखादा धागा जरी अडकला तरी ती कडी ब्रेडेड लाइन कापणार.

मूठ आणि बुडाचं टोक यांना किती महत्त्व द्यायचं?

रील बसवण्याची जागा हालता कामा नये. रील बसवून दोन्ही हातांनी पिळून बघा. बुडाला कमरपट्ट्यात बसणारी खाचेची टोपी, म्हणजे जिम्बल, असेल तर मोठ्या माशाच्या वेळी रॉड गोल फिरत नाही. वर रबरी टोपी असावी, नाहीतर नुसतं पोटाला टेकवल्यावर ती खाच टोचते. बुडाची लांबी काखेत धरून बघा. फार लांब असेल तर कपड्यांत अडकते.

नियमांमुळे रॉडवर काही बंधनं येतात का?

येतात, आणि ती रॉड घेण्याआधीच वाचावीत. १९३९ साली स्थापन झालेल्या इंटरनॅशनल गेम फिश असोसिएशनचे नियम अनेक स्पर्धांना आधारभूत असतात. त्यांत रीलच्या मध्यापासून टिपेपर्यंतची लांबी किमान ४० इंच (१०१.६ सेमी) आणि रीलच्या मध्यापासून बुडापर्यंतची जास्तीत जास्त २७ इंच (६८.५८ सेमी) असावी लागते. किनाऱ्यावरून दूर फेकण्याच्या रॉडना हे माप लागू नाही. मासा ओढताना रॉड बोटीच्या कडेवर टेकवला तर तो मासा बाद. झुंजीत रॉड मोडून टिपेकडचा भाग किमान मापापेक्षा आखूड झाला तरीही बाद. मासा लागल्यावर दुसऱ्या कुणी रॉडला हात लावायचा नाही.

स्थानिक आयोजकांचे स्वतःचे नियमही असतात: गळ किती, लाइनचा गट कोणता, जादा रॉड तयार ठेवता येईल की नाही. लाइनचा गट ठरवून दिलेला असेल तर रॉडही त्याच गटातला घ्या.

दुकानात रॉड कसा तपासायचा?

नेहमीचं शिसं, रील आणि थोडी लाइन सोबत न्या. रील बसवा, लाइन सगळ्या कड्यांतून ओवा, शिसं बांधा आणि रॉड कठड्यावर ठेवल्याच्या कोनात धरा. टिप किती झुकली ते बघा. मग कुणाला तरी शिसं हळूच दोन बोटांनी टिचकावायला सांगा. टिपेचा झटका स्पष्ट दिसला पाहिजे आणि मुठीवरच्या हातालाही जाणवला पाहिजे. त्यानंतर दुकानदाराच्या परवानगीने लाइन धरून सावकाश ओढा. वाक टिपेपासून सुरू होऊन ओढ वाढेल तसा खाली सरकत गेला पाहिजे.

शेवटी दहा मिनिटं रॉड तसाच धरून उभे राहा. रीलसकट तोल पुढे जात असेल तर मनगट आत्ताच सांगेल.

चांगला रॉड मोडतो कशाने?

बऱ्याचदा बोटीच्या कडेशी. मासा वर आला की उत्साहात रॉड उभा करतात, सगळा वाक टिपेच्या पातळ भागात जातो आणि तिथेच तो तुटतो. मासा जवळ आल्यावर टिप खाली ठेवायची आणि जाळं वापरायचं. दुसरं कारण म्हणजे मुठीच्या वर, उघड्या कार्बनवर हात धरून ओढणं. त्याने वाकायची लांबी कमी होते. तिसरं, शिशाचा जुना आघात. कार्बनवर पडलेली बारीक खाच महिनोन्महिने गप्प राहते आणि ऐन ओढीत दगा देते.

तळाला गळ अडकला तर रॉडने हिसके देऊ नका. लाइन लाकडी ठोकळ्याला गुंडाळून ओढा. हाताला कधीच नाही, ब्रेडेड लाइन मांस कापते.

आणि एक जिवाची गोष्ट: कार्बन वीज वाहतो. ढगांचा गडगडाट सुरू झाला की रॉड आडवे ठेवून द्यायचे, गुण कितीही मिळत असोत. जेटीवर डोक्यावरच्या विजेच्या तारांपासूनही रॉड लांब.

जुना रॉड विकत घेतला तर?

हरकत नाही. कड्यांच्या पायाशी दोऱ्याखाली तपकिरी डाग असेल तर आत गंज आहे. सांधा बसवून हलवा, खडखड ऐकू आली तर नको. रॉडच्या अंगावरून नख फिरवत जा; खाच नखाला लागते. टिपेची शेवटची कडी बदललेली असेल तर टिप मोडून आखूड झालेली असू शकते, म्हणून मूळ लांबी विचारून मोजून बघा.

समुद्रावरून आल्यावर काय करायचं?

गोड्या पाण्याने धुवायचा, सांधे सोडवून पुसायचे आणि पिशवीत घालण्याआधी पूर्ण वाळवायचा. सांध्याला अधूनमधून मेणबत्तीचं मेण.

नवा रॉड थेट स्पर्धेत नेला तर चालेल?

आधी एखादा दिवस तरी साध्या फेरीला न्या. प्रत्येक वजनाचं शिसं लावून टिप किती झुकते ते डोळ्यांत बसू द्या, म्हणजे स्पर्धेच्या दिवशी वेगळं काही घडलं की लगेच ओळखता येईल. ड्रॅग स्प्रिंगच्या काट्याने मोजून लावा. लाइन कड्यांतून ओवलेली, रॉड वाकलेला आणि काटा लाइनच्या टोकाला, अशा स्थितीत मोजा; नुसत्या रीलवर मोजलेला आकडा कमी येतो, कारण वाकलेल्या रॉडच्या कड्यांचं घर्षण त्यात धरलेलं नसतं.